नागप्पा सरांची शनिवारची चढाई

एके काळी पालमच्या बसस्थानकावर सकाळची पहिली गाडी लागली, की दहा-बारा पोरं दप्तरं सावरत उतरायची आणि जमिनीला पाय टेकताच 'कबड्डी, कबड्डी' म्हणायला लागायची. तशीच म्हणत म्हणत बाजारातून शाळेकडे निघायची. वाटेत कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाहीत. ज्याचा दम लाकडं कापायच्या आरा मशीनच्या अलीकडे सुटेल त्यानं मुकाट्यानं मागं वळायचं, स्टँडच्या खांबाला हात लावायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. बाहेरगावचा एखादा पाहुणा बिचकून विचारायचा, "ह्या पोरांना झालंय तरी काय?" पानटपरीवाला पानाला कात लावता लावता सांगायचा, "कायबी झालं न्हाई. नागप्पा सरांचे चढाईवाले हायेत."

हे नागप्पा सर म्हणजे पालमच्या हायस्कुलातले खेळाचे मास्तर. अंगानं काटकुळे, कपाळाला भस्म, आणि गळ्यात कायम दोन दोऱ्या: एक इष्टलिंगाची, दुसरी शिट्टीची. आवाज असा, की मैदानावरून ओरडले तर वर्गातल्या पोरांनी पाठ सरळ करून बसावं. नोकरीला लागले तेव्हा मुख्याध्यापकांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं, की खेळाच्या तासाला पोरं बाहेर उंडारणार नाहीत एवढं बघा, बाकी काही अपेक्षा नाही. सरांनी मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी मैदानावर चुन्यानं कबड्डीच्या रेषा मारल्या.

मैदान कसलं, काळ्या मातीचा तुकडा. पावसाळ्यात पाय रुतायचे आणि उन्हाळ्यात भेगा पडायच्या. पण मैदानापेक्षा मोठी अडचण निराळीच होती. सगळी पोरं एका वेळी गोळाच होत नसत. खेड्यावरची पोरं पहिल्या गाडीनं सातलाच येऊन बसायची, शाळा भरायची साडेदहाला. संध्याकाळी मात्र शाळा सुटली की परतीची गाडी पकडायला धूम ठोकायची, कारण ती चुकली तर पालमातच मुक्काम. गावातल्या पोरांचं नेमकं उलटं. सकाळी कोणाला बापाचं दुकान उघडायचं, कोणाला रतीब घालायचा, कोणाला ट्रकातली पोती उतरवायची. मोकळी व्हायची ती संध्याकाळी. सातजणांचा संघ करायचा तर अर्धा संघ सकाळी आणि अर्धा संध्याकाळी. दुसऱ्या कोणी मास्तरानं कपाळाला हात लावून कॅरमबोर्ड मागवले असते.

सरांनी चार दिवस विचार केला आणि पाचव्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी जाहीर केलं, "सकाळी चढाई, संध्याकाळी पकड. गाडीनं येणारे सगळे चढाईवाले. गावातले सगळे पकडवाले. विषय संपला."

असा तो विषय संपला आणि पुढची कित्येक वर्षं तसाच चालला. पोरगं चढाई करणार की पकड, हे त्याच्या अंगाकडं बघून ठरायचं नाही, गाडीच्या वेळापत्रकावरून ठरायचं. एकदा खेड्यावरच्या एका शेतकऱ्यानं पालमात प्लॉट घेऊन घर बांधलं, तर त्याचं पोरगं वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी तोंड पाडून सरांपुढं आलं. म्हणालं, "सर, आता मला पकडीत टाकणार का वो?" सरांनी त्याला पकडीत टाकलं. नियम म्हणजे नियम.

पण गंमत अशी, की हे उलटं गणित जमून गेलं. गाडीवाली पोरं रोज बाजारातून दम घोटत यायची, त्यामुळं त्यांचा दम वाढला. दमाचं शिक्षण सरांच्या घरातलंच होतं. लहानपणी शिवरात्रीला त्यांचे आजोबा नातवंडांना रांगेत बसवून एका दमात 'ॐ नमः शिवाय' म्हणायला लावायचे आणि ज्याचा दम शेवटी सुटेल त्याला खजूर जास्त द्यायचे. तो खजूर बहुतेक वेळा नागप्पालाच मिळायचा. आणि गावातली पोरं पोती उचलून तयार झालेली. त्यांच्या हातात एकदा घोटा सापडला की सुटायची सोय नव्हती.

तरी सरांचं समाधान होईना. पकडवाल्यांना पळता घोटा धरायची सवय लागावी म्हणून त्यांनी शाळेचा शिपाई आश्रुबा याचं बोकड मागून घेतलं. संध्याकाळी बोकड मैदानात सोडायचं आणि पोरांनी झेप घालून त्याचा मागचा पाय धरायचा. बोकड महावस्ताद. पहिल्या आठवड्यात त्यानं दोघांचे गुडघे फोडले आणि एकाची चड्डी फाडली. रोज ने-आण नको म्हणून सर ते बोकड रात्री आपल्याच अंगणात बांधू लागले आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली. शेजारची एक बाई सरांच्या बायकोला, भागम्माला, हळूच विचारून गेली, "मास्तर आजकाल खायला लागले का वो?" लिंगायताच्या दारात बोकड म्हटल्यावर लोकांनी तरी काय समजावं! भागम्मानं त्या रात्री सरांना ताटावर बसूच दिलं नाही. "आधी ते ध्यान आश्रुबाच्या घरी न्या, मग भाकरी," म्हणाली. बोकड परत गेलं. पुढची तालीम सायकलच्या जुन्या टायरवर झाली. टायर घरंगळत सोडायचा आणि तो आडवा पडायच्या आत धरायचा.

दोन्ही तुकड्यांची गाठ पडायची ती फक्त शनिवारी. शनिवारी सकाळची शाळा. अकराला सुटली की खेड्याकडं जाणारी गाडी थेट दीडला. मधल्या वेळात चढाईवाले आणि पकडवाले समोरासमोर यायचे. शाळेत त्याला 'शनिवारची गाठ' म्हणत आणि बघायला आठवडी बाजाराइतकी गर्दी व्हायची. जी तुकडी हरेल तिनं आरा मशीनवरून लाकडाचा भुसा पोत्यांतून वाहून आणायचा आणि मैदानावर पसरायचा. जिंकेल तिला सर स्वतःच्या खिशातून पेरू द्यायचे. आणि सगळ्यात शेवटी सर शिट्टी काढून आश्रुबाच्या हातात द्यायचे, पँट पोटरीपर्यंत दुमडायचे आणि स्वतः चढाईला जायचे. पकडवाल्यांवर. चढाईवाले रेषेबाहेर उभं राहून टाळ्या पिटायचे.

पकडवाल्यांना त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोकून घेतली होती. "दम चालू हाय तवर हात सोडायचा न्हाई. समोरचा दमला असं वाटलं तरी न्हाई. आधी कानानं ऐकायचं, मग सोडायचं." आणि चढाईवाल्यांना सांगितलं होतं, "तुमी पकडीच्या भानगडीत पडायचं न्हाई. गडी अंगावर आला की बाजूला व्हायचं, जीव वाचवायचा. तुमचा जीव चढाईसाठी हाय." दोन्ही तुकड्यांनी सरांचं ऐकलं. फार मनापासून ऐकलं.

त्या सगळ्या वर्षांतली सरांची लाडकी जोडी म्हणजे महारुद्र आणि योगीराज. महारुद्र बनवसकडून गाडीनं यायचा, चढाईवाल्यांचा म्होरक्या. उंच, लांब पायांचा, आणि बाजारातून चालताना त्याचा दम आरा मशीन ओलांडून पुढं पाण्याच्या टाकीपर्यंत जायचा. योगीराजच्या बापाचं बसस्थानकासमोर चहा-भज्यांचं हॉटेल. तो बुटका, रुंद, डाव्या कोपऱ्याचा पकडवाला. मैदानावर शनिवारी दोघं एकमेकांच्या जिवावर उठल्यासारखे भिडायचे आणि खेळ संपला की एका ताटात जेवायचे. महारुद्र शनिवारची दीडची गाडी मुद्दाम चुकवायचा. मग योगीराजची आई पंचफुला खोटं खोटं रागवायची, "आली का पुन्हा ही पिडा? बस बाबा, बस. भाकरी हाय." आणि दोघांच्या मधे वरणाचं भांडं ठेवायची. सर कधी त्या रस्त्यानं गेले तर भज्यांचा पुडा त्यांच्याही हातात पडायचा. ते दिवस सरांना पुढं आयुष्यभर आठवत राहिले. पंचफुला आता नाही, पण तिचा तो खोटा राग सरांना अजून ऐकू येतो.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवला हे दोघं दहावीला असताना पालमचा संघ पहिल्यांदा जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला पोहोचला. परभणीला, मोठ्या मैदानावर, खऱ्या पंचांसमोर. सामना शेवटच्या चढाईवर आला तेव्हा पालम एका गुणानं पुढं होतं. समोरच्या संघाचा चढाईवाला आला आणि डाव्या कोपऱ्याकडं वळला. डाव्या कोपऱ्यात योगीराज. त्याच्या शेजारी महारुद्र, कारण सामन्यात सातही जणांना पकडीला उभं राहावंच लागतं. योगीराजनं झेप घालून घोटा धरला आणि दुसरा हात शेजाऱ्याच्या हातासाठी बाजूला टाकला. पकडवाले शेजारी असले की साखळी अशीच होते. बघावंही लागत नाही, हाताला हात मिळतो. पण शेजारी चढाईवाला होता. गडी अंगावर आला तसा महारुद्र शिकवल्याप्रमाणं बाजूला झाला, जीव वाचवून. योगीराजचा हात रिकामा राहिला. त्या गड्यानं एकट्या योगीराजला फरफटत नेलं, जाता जाता आणखी एकाला शिवला आणि मध्यरेषेला हात लावला. दोन गुण त्यांचे. पालम एका गुणानं हरलं.

परतताना पॅसेंजरनं गंगाखेडपर्यंत यायचं होतं. पिंगळीला गाडी क्रॉसिंगला थांबली आणि पोरं पाणी प्यायला फलाटावर उतरली. नळावर योगीराजनं कोपराला लागलेलं रक्त धुतलं आणि महारुद्रला विचारलं, "हात कामून दिला न्हाईस?"

महारुद्र म्हणाला, "मला कुणी सांगितलं व्हतं हात द्यायचं?"

"सांगावं लागतंय व्हय रे?"

"मग? तुमी पकडवाले कशाला हाव? एक गडी धरता येईना!"

मग कोणी कोणाची आई-बहीण काढली, कोणी कोणाची कॉलर धरली, आणि सरांनी मधे पडून दोघांना वेगळं केलं. तेव्हा दोघांनीही मान वळवून सरांकडं बघितलं. दोघांनाही वाटत होतं, की कोणाचं चुकलं ते आता सर सांगतील. सरांना ते माहीत होतं. दोघांनीही त्यांना शिकवलं तेच केलं होतं. एकाच्या हाताला सवय लावली ती दुसऱ्याच्या हाताला लावली नव्हती, इतकं ते सोपं होतं. हे एवढं वाक्य त्या पोरांना तिथंच सांगायला हवं होतं. पण सर म्हणाले, "गाडी सुटायलीय. बसा."

गाडी सुटली. चढाईवाले एका डब्यात बसले आणि पकडवाले दुसऱ्यात.

पुढच्या शनिवारी महारुद्रनं दीडची गाडी चुकवली नाही. पंचफुलेनं भाकरी करून ठेवली होती, ती संध्याकाळी गाईला घातली. पोरांचं भांडण, होईल आठवड्यात गोड, असं सगळ्यांनाच वाटलं. पण दहावीची परीक्षा झाली, निकाल लागला, पोरं पांगली, आणि तुटलेलं बोलणं तुटलेलंच राहिलं. वैर म्हणावं तर वैरही नव्हतं. शेताचा बांध नाही, देणंघेणं नाही. नुसता हट्ट. तू आधी बोल, मग मी बोलतो. असल्या हट्टावर माणसं आयुष्य काढतात हे सरांना आधी कोणी सांगितलं असतं तर त्यांनी हसण्यावारी नेलं असतं.

त्या वर्षापासून सरांनी तालीम बदलली. तुकड्या दोनच ठेवल्या, पण शनिवारची गाठ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी एका ओळीत उभं राहून हात धरायचे आणि सगळ्या मैदानाला धावत फेरी मारायची. चढाईवाला, पकडवाला, चढाईवाला, पकडवाला असे. हात सुटला की फेरी पुन्हा पहिल्यापासून. नंतरच्या पोरांनी जिल्हा जिंकला, दोन वेळा विभागालाही गेली. शाळेच्या कपाटात ढाली आल्या. सर त्या ढालींकडं बघायचे आणि त्यांना पिंगळीचा नळ आठवायचा.

महारुद्र पुढं एसटीत ड्रायव्हर लागला. लहानपणी ज्या गाडीनं यायचा, त्याच रस्त्यावर गाडी चालवू लागला. योगीराज बापाच्या गल्ल्यावर बसला. त्यामुळं झालं काय, की महारुद्रची गाडी दिवसातून दोनदा पालमच्या स्टँडवर लागायची, बरोबर योगीराजच्या हॉटेलसमोर. महारुद्र खाली उतरायचा, अंग मोकळं करायचा आणि रस्ता ओलांडून लांबच्या टपरीवर जाऊन चहा प्यायचा. तो चहा पांचट, हे सगळ्या पालमला ठाऊक. योगीराज झाऱ्यानं भजी परतत राहायचा आणि गाडीकडं बघायचा नाही. सरांनी कितीदा तरी सहज बोलावल्यासारखं करून महारुद्रला म्हणून पाहिलं, "चल, योगीराजकडं चहा घेऊ." महारुद्र म्हणायचा, "टायम झालाय सर, गाडी काढतो." पंचफुला गेली तेव्हा महारुद्र खाकी कपड्यांतच अंत्यविधीला आला, लांब बाभळीखाली उभा राहिला, डोळे पुसले आणि न बोलता निघून गेला. सरांनी ते पाहिलं आणि त्यांना फार वाईट वाटलं. ती गेल्यावर तरी ह्यांनी एकमेकांच्या गळ्यात पडायचं, तर नाही.

यंदाच्या जानेवारीअखेर सर निवृत्त झाले. महिन्याचा शेवटचा दिवस, आणि योगायोगानं शनिवार. शाळेनं सेवापूर्तीचा कार्यक्रम ठरवला. जुने विद्यार्थी जमा झाले, कोणी म्हणालं सरांना अंगठी करू, कोणी म्हणालं मोटरसायकल देऊ. सर म्हणाले, "मला कायबी नको. फक्त शनिवारची गाठ लावा. जुन्या गड्यांची. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या वर्गाची."

सकाळी घरातून निघताना भागम्मानं त्यांच्या हातात इस्त्रीचा सदरा दिला आणि बजावलं, "भाषण करा, नारळ घ्या आन् घरी या. डॉक्टरनं गुडघ्याचं काय सांगितलंय ते ध्यानात हाय ना?"

"हाय," सर म्हणाले.

"मग पँटीच्या आत चड्डी कशाला घातलीत खेळायची?" भागम्मा म्हणाली. तीस वर्षांच्या संसारात तिच्यापासून काही लपलेलं नव्हतं.

कार्यक्रम व्हायचा तसा झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. एका वक्त्यानं सरांना चुकून गणिताचे शिक्षक म्हटलं. सरांचं लक्ष भाषणात नव्हतंच. योगीराज आलेला होता, कारण नाश्त्याचं काम त्याच्याकडंच होतं. मांडवामागं भट्टीपाशी तो भजी तळत बसला होता. पण महारुद्र दिसत नव्हता. सरांची नजर सारखी फाटकाकडं जायची. तो आला नाही तर ही शाल पांघरून घरी जायचं आणि ते तुटलेलं बोलणं तसंच राहणार, हे त्यांना लख्ख कळत होतं. उद्यापासून शिट्टी नाही, मैदान नाही, आणि ह्या दोघांना एका जागी उभं करायचा हक्कही नाही. शेवटचं भाषण चालू असताना महारुद्र फाटकातून आत आला. ड्यूटी बदलून घेतली होती. मागं जाऊन चढाईवाल्यांच्या घोळक्यात उभा राहिला.

मग पाटलोणी वर करून पोटं सुटलेले गडी मैदानात उतरले. आदल्या दिवशी आरा मशीनवरून भुसा आणून पसरलेला होता. चढाईवाले एकीकडं, पकडवाले दुसरीकडं, जुन्या सवयीनं. हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. एका चढाईवाल्याचा दम मध्यरेषेवरच सुटला. एक पकडवाला झेप घालायला गेला आणि खाली बसला, त्याला उठवायला दोघांना बोलवावं लागलं. योगीराज हात पुसत आला होता, अंगाला अजून बेसनाचा वास. तो आणि महारुद्र एकमेकांसमोर आले की दोघंही दुसरीकडं बघायचे.

पेरू वाटून झाले. सगळे पांगायला लागले तसे सर उठले. गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी राजेश्री मॅडमच्या हातात दिली. आता खेळाचा तास त्याच घेणार होत्या. इष्टलिंग सदऱ्याच्या आत सारलं. पँट पोटरीपर्यंत दुमडली. पहिल्या रांगेत भागम्मानं कपाळाला हात लावला.

"शेवटची चढाई माझी," सर म्हणाले. "घड्याळ लावू नका मॅडम. दम सुटंल तवर चढाई. आन् आज तुकड्या न्हाईत. मी नाव घेईन तो पकडीला उभा राहील."

त्यांनी सात नावं घेतली. पाच जण हसत हसत उभे राहिले. मग सर म्हणाले, "योगीराज, डावा कोपरा. महारुद्र, त्याच्या शेजारी."

त्या वर्गातल्या प्रत्येकाला त्या दोन जागा पाठ होत्या. महारुद्र खाली मान घालून आला आणि उभा राहिला, योगीराजपासून हातभर लांब.

सरांनी मध्यरेषेच्या मातीला हात लावून तो कपाळी टेकवला, छाती भरून श्वास घेतला आणि आत शिरले. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." आवाज अजून खणखणीत होता. गुडघे मात्र पहिल्याच पावलाला कुरकुरले. उजवीकडं एक हूल दिली, ती लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून. मनात तर डावा कोपराच होता. ते तिकडं वळले आणि त्या दोघांच्या मधोमध, त्या हातभर जागेत पाय टाकला.

योगीराज घोट्यापाशी वाकला. बघणाऱ्यांना वाटलं, पाया पडतोय. पण त्यानं घोटा धरला, जुन्यासारखाच, घट्ट. आणि त्याचा दुसरा हात न बघता बाजूला गेला.

हात हवेत होता. सरांना तो दिसत होता. पिंगळीच्या नळावर रक्त धुताना पाहिलेलं तेच कोपर, आता केस पांढरे झालेलं. सरांचा दम अडखळला, पण त्यांनी तो तुटू दिला नाही. "कबड्डी, कबड्डी..." महारुद्रचा पाय मागं सरकला होता. लहानपणी लागलेली सवय, जीव वाचवायची. मग तो पाय थांबला. महारुद्र पुढं झाला आणि त्यानं स्टेअरिंग धरून घट्टे पडलेल्या हातानं योगीराजचा हात धरला.

साखळी सरांच्या कमरेला बसली आणि तिघंही भुश्यात आडवे झाले. बाकीचे धावत आले, पण कोणी अंगावर पडलं नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या पिटल्या. राजेश्री मॅडमनी शिट्टी तोंडाशी नेली आणि तशीच धरून ठेवली, कारण सर अजून म्हणत होते, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

दम चालू होता. दम चालू असेपर्यंत हात सोडायचा नाही. हे त्यांनीच शिकवलं होतं आणि आज त्यांना त्याचाच आधार होता. भुसा नाकातोंडात जात होता, छाती जळत होती, डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. सरांनी आवाज बारीक केला, आजोबांनी शिकवल्यासारखा, म्हणजे श्वास थोडा पुरेल. मनातल्या बाजाररस्त्यावर आरा मशीन गेलं. पाण्याची टाकी गेली. आणखी थोडं. त्यांच्या पोटावर ते दोन हात एकमेकांत अडकलेले होते, एक बेसनाचा आणि एक डिझेलचा वास येणारा, आणि ते सुटू नयेत एवढंच त्यांना हवं होतं.

"सर, बास करा," महारुद्र घाबरून म्हणाला. "चक्कर येईल तुमाला."

योगीराजनं मान वर केली. अठ्ठावीस वर्षांनी तो पहिल्यांदा त्याच्याशी बोलला. "सोडू नको रे. दम चालू हाय."

"मी कुठं सोडायलोय?" महारुद्र म्हणाला, आणि त्यानं तो हात आणखी आवळला.

एवढं कानानं ऐकलं, आणि मग सरांनी दम सोडला.